चोवीस तासांची वर्दी: थायलंडच्या टीएम ३० प्रकरणाचा अभ्यास

मार्च २०१९पासून थायलंडच्या इमिग्रेशन कचेऱ्यांत एका जुन्या फॉर्मला अचानक महत्त्व आले. फॉर्मचे नाव टीएम ३०: आपल्या घरी परदेशी माणूस राहायला आला आहे, अशी घरमालकाने द्यायची वर्दी. तोवर बहुतेक परदेशी रहिवाशांनी त्याचे नावही ऐकले नव्हते, आणि ज्यांनी ऐकले होते ते 'ते घरमालकाचं काम, आपलं नाही' म्हणून सोडून देत. काही प्रांतांतल्या कचेऱ्या तो आधीपासून मागत असत, काही कधीच मागत नसत. मार्चनंतर मात्र व्हिसाची मुदत वाढवायला आलेल्या माणसाला खिडकीवर पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला: टीएम ३०ची पावती कुठे आहे? पावती नसेल तर आधी दंड भरा, मग पुढचे बोलू.

या प्रकरणात कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. नवे विधेयक आले नव्हते की मंत्रिमंडळाचा निर्णयही झाला नव्हता. कलम चाळीस वर्षांचे होते. बदलली ती फक्त अंमलबजावणी, आणि तेवढ्याने थायलंडमध्ये संसार थाटून बसलेल्या परदेशी माणसांच्या डोक्याला ताप झाला. इमिग्रेशनच्या बाबतीत 'नियम बदलला' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे.

कलम काय सांगते

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९चा, त्यांच्या बौद्ध कालगणनेनुसार २५२२ सालचा. त्याच्या ३८व्या कलमानुसार, तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी असलेला परदेशी माणूस ज्या घरात उतरेल त्या घराचा कुटुंबप्रमुख, मालक किंवा ताबेदार, आणि हॉटेल असेल तर व्यवस्थापक, यांनी तो आल्यापासून २४ तासांच्या आत इमिग्रेशन कचेरीला वर्दी द्यायची. त्या भागात इमिग्रेशनची कचेरी नसेल तर पोलीस ठाण्यात द्यायची. चुकल्यास घरमालकाला २,००० बाटपर्यंत दंड, हॉटेलवाल्याला २,००० ते १०,००० बाट.

शेजारचे ३७वे कलम खुद्द परदेशी माणसासाठी आहे. राहण्याची जागा बदलली तर २४ तासांत कळवा. दुसऱ्या प्रांतात जाऊन २४ तासांपेक्षा जास्त राहिलात तर तिथल्या पोलिसांना ४८ तासांत कळवा. आणि सलग ९० दिवस देशात राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवा. यातला शेवटचा भाग, म्हणजे टीएम ४७ हा 'नव्वद दिवसांचा रिपोर्ट', तिथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत तो देता येतो. उशीर झाला आणि तुम्ही आपणहून गेलात तर दंड साधारण २,००० बाट. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. कटकट आहे, पण तिचा हिशेब सरळ आहे. ज्याने कळवायचे त्याच्याच पासपोर्टात पुढच्या तारखेची चिठ्ठी असते, आणि चुकले तर दंडही तोच भरतो.

३८व्या कलमात हा सरळपणा नाही. कळवायचे एकाने, अडायचे दुसऱ्याने. प्रकरणाची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

कायदा झाला तेव्हाचा काळही पाहायला हवा. १९७९ म्हणजे शेजारच्या कंबोडियाची राजधानी व्हिएतनामच्या सैन्याने काबीज केली ते वर्ष. निर्वासितांचे लोंढे थाई सीमेवर येऊन धडकत होते. परदेशी पर्यटकांची वर्षाची संख्या तेव्हा २० लाखांच्या आत होती. कोण कुठे उतरले आहे हे पोलिसांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळावे, ही अपेक्षा त्या काळात कागदावर तरी शक्य कोटीतली होती. २०१९मध्ये त्याच देशात वर्षभरात जवळपास ४ कोटी परदेशी पाहुणे आले. कलम मात्र तेच.

झोपलेले कलम जागे का झाले

ऑगस्ट २०१५मध्ये बँकॉकच्या एरावान मंदिरात बॉम्बस्फोट झाला आणि २० माणसे मेली. तपासात पोलीस शहराच्या पूर्वेकडच्या नोंग चोक भागातल्या एका भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचले. तिथे बॉम्बचे साहित्य आणि बनावट पासपोर्टांचा गठ्ठा सापडला. एखादा परदेशी माणूस खोटी कागदपत्रे घेऊन भाड्याने राहतो आणि सरकारदप्तरी त्याच्या पत्त्याचा मागमूस नसतो, ही गोष्ट कुठल्याही पोलीस दलाला झोप लागू देणार नाही. ३८वे कलम नीट चालले असते तर असा माणूस सापडला असता, असे वाटणे स्वाभाविक आहे.

'चांगल्यांना आत, वाईटांना बाहेर' हे थाई इमिग्रेशन खात्याचे घोषवाक्य याच काळात गाजले. २०१८च्या उत्तरार्धात खात्याची सूत्रे सुराचाते हकपार्न या धडाडीच्या आणि प्रसिद्धीची हौस असलेल्या अधिकाऱ्याकडे आली. मुदत उलटून राहिलेल्या परदेशी लोकांविरुद्ध देशभर धाडी पडल्या. टीएम ३०ची सक्ती याच वातावरणात आली. गंमत म्हणजे एप्रिल २०१९मध्ये, सक्ती सुरू होऊन महिनाही झाला नसेल तेवढ्यात, त्यांची तडकाफडकी बदली झाली. अधिकारी गेला, सक्ती राहिली.

पोलिसांची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही. मोठ्या शहरांत अल्पमुदतीच्या भाड्याची घरे बेसुमार वाढली होती. हॉटेल पाहुण्यांची नोंद पाठवते. खासगी फ्लॅटमधून ती येत नाही. म्हणजे ज्याला लपायचे आहे त्याने कुठे उतरावे, हे व्यवस्थेनेच सांगून ठेवले होते. ही फट बुजवायलाच हवी होती. खात्याचा हेतू रास्त होता. चुकली ती पद्धत.

एक घर, एक शनिवार-रविवार

सक्तीचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता, हे पाहायला नमुन्यादाखल एक कुटुंब घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याच्या वाट्याला आलेला प्रत्येक नियम खरा.

नवरा भारतीय, बायको थाई. बँकॉकमध्ये बायकोच्या नावावर फ्लॅट. नवरा थाई नागरिकाशी झालेल्या लग्नाच्या आधारावर दर वर्षी मुदत वाढवून घेतो. दोघे शुक्रवारी संध्याकाळी समुद्रकिनारी हुआ हिनला जातात आणि हॉटेलात दोन रात्री काढतात. हॉटेलचा कारकून नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या पासपोर्टाची प्रत घेतो आणि आपल्या संगणकावरून इमिग्रेशनला नोंद पाठवतो. त्या क्षणी सरकारी दप्तरात नवऱ्याचा पत्ता हुआ हिनचे हॉटेल असा होतो. रविवारी रात्री दोघे घरी येतात. आता कलम शब्दशः लावले तर नवरा एका नव्या जागी 'उतरला' आहे. सोमवारी रात्रीच्या आत बायकोने, घराची मालकीण म्हणून, एक परदेशी माणूस आपल्या घरी राहायला आला आहे अशी वर्दी द्यायला हवी. हा परदेशी माणूस तिचा नवरा आहे, आणि तो कित्येक वर्षे याच घरात राहतो आहे.

सोमवारी तिला कामावर जायचे आहे. म्हणून नवरा स्वतः सगळे कागद घेऊन शहराच्या उत्तरेला चेंग वत्थना भागातल्या सरकारी संकुलात जातो. फॉर्म थाईत भरलेला लागतो. सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत, त्यावर तिची सही. घराच्या नोंदणी पुस्तिकेची प्रत, म्हणजे प्रत्येक थाई घराला असते ती निळी पुस्तिका. नवऱ्याच्या पासपोर्टातले फोटोचे पान, व्हिसाचे पान, शेवटच्या प्रवेशाच्या शिक्क्याचे पान, आणि विमानात भरलेल्या टीएम ६ या आगमन कार्डाची प्रत. ती स्वतः आली नाही तर तिने दिलेले अधिकारपत्रही. टोकन घ्यायचे, नंबर येईपर्यंत बसायचे. कारकून तारीख बघतो, शिक्का मारतो, फॉर्मचा खालचा तुकडा फाडून पासपोर्टात स्टेपल करतो. त्या चतकोर कागदावर पुढच्या वर्षीची मुदतवाढ अवलंबून.

पुढच्या महिन्यात तो कामानिमित्त सिंगापूरला दोन दिवस जाऊन आला की हे पुन्हा. आईवडिलांना भेटायला भारतात गेला की परतल्यावर पुन्हा. महिन्यातून चारदा फिरतीवर जाणाऱ्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पुष्कळ जण मुदतवाढीच्या दिवसापर्यंत थांबत आणि खिडकीवर एकदाच काय तो दंड भरून मोकळे होत. ८०० किंवा १,६०० बाट असे आकडे तेव्हा सर्रास ऐकू यायचे. कायद्याप्रमाणे हा दंड घरमालकाचा. पण मालक समोर नसतो, आणि पासपोर्ट समोरच्या माणसाचा अडलेला असतो, म्हणून पैसे त्याच्याच खिशातून जायचे.

घरमालक का कळवत नव्हते

बायकोच मालकीण असलेले घर हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार. बहुतेक परदेशी लोक अनोळखी मालकाच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात, आणि खरी मेख तिथे होती.

आळस किंवा अज्ञान हे कारण होतेच. अनेक मालकांनी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलेले, त्यातले काही स्वतःच परदेशात राहणारे. त्यांना असे कलम आहे याचा पत्ता नव्हता. पण जाणूनबुजून न कळवणारेही कमी नव्हते. परदेशी भाडेकरूची सरकारदरबारी नोंद म्हणजे भाड्याच्या उत्पन्नाची नोंद. ज्याने ते उत्पन्न करखात्याला दाखवलेले नाही, तो आपल्या ओळखपत्राची सही केलेली प्रत दुसऱ्या सरकारी खात्यात कशाला नेऊन देईल? इमिग्रेशन आणि करखाते एकमेकांना माहिती देतात की नाही हा प्रश्न वेगळा. देतील, एवढी शंका पुरते. दंडाचा चटका २,००० बाटचा, कराची भीती त्याच्या कित्येक पटींची. आणि तो दंडही बहुतेक वेळा भाडेकरूच भरणार.

अल्पमुदतीच्या भाड्याचा घोळ याहून मोठा. थायलंडच्या २००४च्या हॉटेल कायद्यानुसार परवान्याशिवाय रोजच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने खोली देणे हा गुन्हा ठरू शकतो. २०१८मध्ये हुआ हिनच्या न्यायालयाने असे फ्लॅट देणाऱ्यांना दोषी धरले होते. अशा मालकाने टीएम ३० भरायचा म्हणजे आपल्या गुन्ह्याची वर्दी आपल्याच हाताने द्यायची. पोलिसांना ज्या फ्लॅटची माहिती सर्वात जास्त हवी होती, नेमका तोच मालक ती देण्याची शक्यता सर्वात कमी. मला हा मुद्दा प्रकरणाचा गाभा वाटतो. दिवसभराच्या कामकाजात सक्ती कितीही कडक दिसली, तरी तिचा दाब जिथे पडायला हवा होता तिथे पडतच नव्हता.

दाब पडत होता तो मुदतवाढीच्या खिडकीवर. या खिडकीवर येतो कोण? ज्याचा व्हिसा वैध आहे, ज्याला कायद्याने राहायचे आहे, जो दर वर्षी बँकेचे कागद, लग्नाचा दाखला, नोकरीचे पत्र घेऊन हजर होतो तो. निवृत्त शिक्षक, इंग्रजी शिकवणारी मुले, कारखान्यातले अभियंते, थाई बायकांचे परदेशी नवरे. मुदत संपवून लपलेला माणूस त्या खिडकीच्या आसपासही फिरकत नाही. कचेरीने आपला धाक जिथे सहज चालतो तिथेच चालवला, आणि तो चालला फक्त सरळ माणसांवर. नोंदींची संख्या नक्की वाढली असेल. त्या नोंदींनी किती बनावट पासपोर्टवाले सापडले, हा प्रश्न मात्र त्या आकड्यात येत नाही.

ऑनलाइनचा उतारा

खात्याला रांगा दिसत नव्हत्या असे नाही. ऑनलाइन नोंदीची सोय होती, टपालानेही फॉर्म पाठवता यायचा, २०१९मध्ये ३८व्या कलमाच्या नावाने मोबाइल अ‍ॅपही आले. पण ऑनलाइन खाते उघडायचे तर ते मालकाने उघडायचे, त्यासाठी घराची कागदपत्रे चढवायची, मग मंजुरीची वाट पाहायची. ज्या मालकाला मुळात कळवायचेच नाही त्याच्यापुढे अ‍ॅप ठेवून काय उपयोग? आणि ज्या भाडेकरूला कळवायची घाई आहे त्याच्याकडे घराची कागदपत्रे नाहीत. नव्वद दिवसांचा रिपोर्ट २०१५पासून ऑनलाइन आहे आणि सुरुवातीची काही वर्षे तो कधी चाले, कधी रुसून बसे. तरी लोकांनी तो चिकाटीने वापरला, कारण ज्याचे काम त्याच्याच हातात होते. यंत्रणा तीच, खातेही तेच, मग एका फॉर्मला लोक कुरकुरत का होईना रुळले आणि दुसऱ्यावरून रान उठले, याचा खुलासा इथे मिळतो. नोंद करण्याची गरज आणि नोंद करण्याची ताकद एकाच माणसाकडे असली तर वाईट वेबसाइटसुद्धा चालून जाते.

बोभाटा आणि माघार

२०१९च्या मध्यावर तक्रारींना तोंड फुटले. परदेशी रहिवाशांनी नियम बदलावा म्हणून ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या जमवल्या. ऑगस्टमध्ये बँकॉकच्या परदेशी वार्ताहरांच्या क्लबात इमिग्रेशनचे अधिकारी आणि तक्रारदार समोरासमोर आले. सभागृह खच्चून भरले होते. अधिकाऱ्यांचे म्हणणे साधारण असे होते की कायदा आहे, तो पाळायचा, आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी तो लागतो. तक्रारदारांचे म्हणणे असे की हॉटेल आणि घर यांच्यात तुम्ही फरकच करत नाही.

खरा वजनदार आवाज लागला तो परदेशी व्यापारी मंडळांचा. थायलंडमधल्या वेगवेगळ्या देशांच्या चेंबर्सची एक संयुक्त संघटना आहे. तिने टीएम ३० आणि नव्वद दिवसांचा रिपोर्ट या दोन्हींबद्दल नाराजी सरकारच्या कानावर घातली. सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम यांच्याशी गुंतवणुकीची चढाओढ असताना कारखान्याच्या संचालकाला दर परदेशवारीनंतर पत्त्याचा कागद घेऊन रांगेत उभे करणे परवडणारे नव्हते. निवृत्त शिक्षकाच्या तक्रारीपेक्षा ही तक्रार लवकर ऐकू जाते. वाईट वाटते, पण जगभर असेच चालते.

बदल आला तो ३० जून २०२०पासून. कलम होते तसेच राहिले, त्याखालची नियमावली सुधारली. एकदा ज्या पत्त्याची वर्दी दिली आहे तिथून परदेशी माणूस तात्पुरता दुसरीकडे गेला आणि परवानगीच्या मुदतीत परत त्याच पत्त्यावर आला, तर मालकाने पुन्हा कळवायची गरज नाही. तसेच त्याच्याकडे अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा किंवा री-एन्ट्री परमिट (बाहेर जाऊन परत येण्याची आधी घेतलेली परवानगी) असेल आणि परदेशातून तो जुन्याच पत्त्यावर आला, तरीही नवी वर्दी नको. वरच्या नमुन्यातल्या जोडप्याची हुआ हिन सहल यातून सुटली, सिंगापूरवारीही सुटली.

मुहूर्त मात्र पाहण्यासारखा. कोविडमुळे एप्रिल २०२०च्या सुरुवातीपासून थायलंडने परदेशातून येणारी प्रवासी विमाने बंद केली होती, आणि देशात अडकलेल्यांच्या व्हिसाची मुदत आपोआप वाढवली जात होती. ती सवलत पुढे काही महिने चालली. बाहेर जाऊन परत येणाऱ्यांसाठीची सूट अशा वेळी लागू झाली की बाहेर जाऊन परत येणारे जवळपास कोणीच नव्हते.

सवलतीत काय सुटले नाही

सवलतीचा फायदा घ्यायला मुळात एकदा तरी वर्दी दिलेली हवी. ज्याच्या मालकाने कधीच कळवले नाही तो भाडेकरू होता तिथेच राहिला. व्हिसाशिवाय येणाऱ्याचा प्रत्येक प्रवेश नवा, त्यामुळे त्याला ती सूट नाही. पासपोर्ट बदलला, व्हिसाचा प्रकार बदलला, की पुन्हा कळवणे शहाणपणाचे. शिवाय नियमावली बँकॉकमध्ये लिहिली गेली, तरी ती वाचतो प्रत्येक प्रांतातला खिडकीवरचा माणूस. चिआंग माईला जे चालते ते पटायाला चालेलच असे नाही, हे तिथे राहणारा कोणीही सांगेल. म्हणून अनुभवी मंडळी घर भाड्याने घेतानाच करारात अट घालतात: मालकाने इतक्या दिवसांत टीएम ३० भरून पावती द्यायची, नाहीतर दंड त्याच्या भाड्यातून वळता होईल. कायद्याने मालकावर टाकलेला भार मालकाच्या अंगाला खरोखर लावायचा, तर असा खासगी करारच जास्त उपयोगी पडतो, हा या प्रकरणातला एक विचित्र पण व्यवहारी धडा.

थायलंडला सहलीला जाणाऱ्या भारतीयाला यातले बहुतेक काही जाणवत नाही, कारण तो हॉटेलात उतरतो आणि हॉटेल आपले काम करते. १५ जुलै २०२४पासून ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा मिळाली, त्यात भारत होता. अशा सवलतींच्या मुदती थायलंड वेळोवेळी फिरवत असतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एक नजर टाकावी. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड. आणि ९० दिवसांपेक्षा जास्त उलटली तर आपणहून हजर झालेल्यालाही एक वर्ष प्रवेशबंदी. मुदत उलटलेली असताना पोलिसांच्या हाती सापडला तर ती बंदी थेट पाच किंवा दहा वर्षांची.

पत्ता विचारायचा कोणाला

१ मे २०२५पासून थायलंडने डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले. विमानाने, रस्त्याने किंवा समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाने येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचे. ते फुकट आहे. फी मागणाऱ्या नकली संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला आहे, तेव्हा सरकारी पानावरच भरावे. पूर्वीचे टीएम ६चे कागदी कार्ड विमानप्रवाशांसाठी २०२२मध्येच थांबवले होते. त्याची जागा याने घेतली. या कार्डात थायलंडमधला पत्ता विचारतात.

म्हणजे आता सरकारकडे पत्ता दोन वाटांनी येतो. एक प्रवासी स्वतः देतो, देशात पाय ठेवण्याआधी. दुसरा त्याला ठेवून घेणारा देतो, तो आल्यावर २४ तासांत. तिसरीही वाट आहे, ९० दिवसांनंतरची. या तिन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर खरे काम होईल: प्रवाशाने अमुक इमारतीचा पत्ता दिला आणि त्या इमारतीतून वर्दी आली नाही, तर चौकशी मालकाकडे व्हावी. पोलिसांना २०१९मध्ये जी फट बुजवायची होती ती अशाने बुजू शकते, आणि खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला त्यात हातही लावावा लागत नाही.

हा प्रश्न थायलंडपुरता नाही. आपल्याकडेही हॉटेल, गेस्ट हाऊस, होमस्टे चालवणाऱ्यांना परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. 'फॉर्म सी' म्हणून तो व्यवहार हॉटेलच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार कायदे मोडीत काढून केलेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा भारतात १ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला, आणि त्याने हॉटेलांच्या जोडीला विद्यापीठे व रुग्णालये यांच्यावरही माहिती देण्याची जबाबदारी कायद्याच्या कलमातच लिहून टाकली. १ ऑक्टोबर २०२५पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-आगमन कार्डही आले. परदेशी विद्यार्थ्याला नोंदणीसाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि भाड्याने राहणाऱ्याला तो बहुधा घरमालकाकडूनच मिळवावा लागतो. मालकाने भाडे रोखीत घेतलेले असेल आणि करार केलाच नसेल, तर तो विद्यार्थी बँकॉकच्या त्या भाडेकरूइतकाच अडतो.